बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलीची बाजू समितीपुढे कशी मांडावी?

खाडीकाठची शिक्षिका यांचा प्रश्न

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेत बारावीपर्यंतच्या वर्गांना मराठी शिकवते. एका बालगृहातील काही मुली आमच्या शाळेत येतात. त्यांच्यापैकी एक मुलगी येत्या १ जून रोजी अठरा वर्षे पूर्ण करील. हा तिचा खरा वाढदिवस असेलच असे नाही. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून लिहून टाकण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि बालगृहातून येणाऱ्या कितीतरी मुलींच्या दाखल्यावर हीच तारीख आहे. त्यामुळे त्या सगळ्या जणी एकाच दिवशी सज्ञान होतात.

आपल्या किनाऱ्यावर तर याहून वाईट तारीख शोधून सापडणार नाही. आंब्याचा हंगाम तोवर उरकलेला असतो, पेट्या भरण्याची आणि कॅनिंगची कामे आटोपत आलेली असतात, त्याच दिवसापासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद राहते म्हणून बंदरावर मासळी निवडण्याचेही काम मिळत नाही, आणि पाऊस दाराशी आलेला असतो. नेमक्या त्याच दिवशी या मुलींनी आपल्या पायांवर उभे राहावे अशी अपेक्षा असते.

गेल्या महिन्यात या मुलीने मला, इतर काही सांगताना मध्येच सांगावे तसे, सांगितले की जूनमध्ये तिला काकांकडे पाठवायचे ठरले आहे. तुला विचारले का, असे मी म्हटले, तर ती म्हणाली, “विचारायचं काय त्यात, ठरलंय ते.” काकांना तिने नऊ वर्षांत दोनदा पाहिले आहे. मी संस्थेच्या अधीक्षकांना भेटले. ते सौजन्याने बोलले, गृहचौकशी झालेली आहे, काका तयार आहेत, तुम्ही तिच्या परीक्षेकडे लक्ष द्या, असे म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट आहे असे मला वाटत नाही. परंतु तिच्या आयुष्याचा निर्णय होत असताना ती त्या खोलीत नव्हती, हे काही माझ्या मनातून जात नाही.

एक शिक्षिका म्हणून मला बाल कल्याण समितीपुढे (बालगृहातील मुलांविषयीचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे) जाऊन काही सांगण्याचा अधिकार आहे का? काकांचे घर सोडून दुसरा कोणता मार्ग असतो? आणि तिसरी शंका विचारताना मला थोडा संकोच वाटतो. तिच्या वतीने बोलता बोलता मीही तिच्याबद्दल ठरवणारी आणखी एक मोठी व्यक्ती होऊन बसेन, हे कसे टाळावे?

(खालील पहिल्या उत्तरानंतर गावाचे व संस्थेचे नाव आणि मुलीच्या कुटुंबाविषयीची चार वाक्ये मी काढून टाकली आहेत.)

चिपळूणचा वकील

बाई, सर्वांत आधी मूळ मजकुरातील गावाचे नाव, संस्थेचे नाव आणि मुलगी तेथे का आली ती हकिकत काढून टाका. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा अन्य तपशील कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपला हेतू चांगला आहे हे दिसतेच. पण चाळीस घरांच्या वाडीत कोणत्या मुलीची गोष्ट आहे हे ओळखायला नावाची गरज पडत नाही.

आता आपल्या शंकांकडे येतो. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये जी तत्त्वे सांगितली आहेत, त्यांत सहभागाचे तत्त्व आहे: आपल्या हिताशी संबंधित प्रत्येक प्रक्रियेत आणि निर्णयात भाग घेण्याचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा बालकाला हक्क आहे, आणि त्याचे वय व समज पाहून त्या म्हणण्याचा विचार झाला पाहिजे. म्हणजे तिला विचारणे ही अधीक्षकांची मर्जी नाही. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसणे अपेक्षित आहे. मुलीने स्वतःच्या हाताने अर्ज लिहावा, आपण शिक्षिका म्हणून वेगळे निवेदन द्यावे, आणि दोन्हींची पोच घ्यावी. पोचेचा शिक्का नसलेला अर्ज हा सरकारी कचेरीत दिलेलाच नसतो, हे वीस वर्षांच्या वकिलीचे सार समजा.

चौकशी अहवालात काय लिहिले आहे ते आपल्याला थेट मिळणार नाही. कलम ९९ प्रमाणे ते अहवाल गोपनीय असतात. पण त्याच कलमात अशीही तरतूद आहे की समितीला योग्य वाटल्यास अहवालाचा आशय बालकाला कळवता येतो आणि त्यातील मजकुराबाबत पुरावा देण्याची संधी बालकाला देता येते. तेव्हा मुलीने अर्जात एवढे एक वाक्य जरूर घालावे, की माझ्याविषयीच्या अहवालाचा आशय मला कळावा. समितीच्या कामकाजाविषयी तक्रार असेल, तर कलम २७ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि ती बालकाने किंवा बालकाशी संबंधित कोणीही करावी असे कायद्याचे शब्द आहेत. शिक्षिका त्या शब्दांत बसते. तथापि तेथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो मुलीला कोणीतरी सांगायला हवा. अठरा वर्षे पूर्ण झाली की ती सज्ञान आहे. त्या दिवसानंतर तिला काकांकडे ‘पाठवण्याचा’ अधिकार ना समितीला आहे, ना संस्थेला, ना काकांना. म्हणून ताबा देण्याचा आदेश करायचा झाला तर तो १ जूनच्या आधी होईल, आणि म्हणूनच आपण जे काही करणार आहात ते मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी व्हायला हवे. आदेश झालाच आणि तो मान्य नसला, तर कलम १०१ प्रमाणे तीस दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करता येते. पालकत्व सेवा (दुसऱ्या कुटुंबात सांभाळ), प्रायोजकत्व (आर्थिक मदत) आणि अनुरक्षण (संस्थेतून बाहेर पडल्यावरचे साहाय्य) यांविषयीच्या निर्णयांवर मात्र अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

निवृत्त परिविक्षा अधिकारी, रायगड

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. कचेरीत तो कसा चालतो ते मी सांगतो, कारण माझी सारी नोकरी त्यात गेली.

गृहचौकशी म्हणजे काय, तर एक अधिकारी एसटीने किंवा मिळेल त्या रिक्षाने वाडीवर जातो, घर पाहतो, सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्याकडे विचारतो, काकांना अंगणात चार माणसांदेखत विचारतो की पुतणीला सांभाळाल का. चार माणसांदेखत नाही म्हणणारा काका मी फारसा पाहिला नाही. काहींना मनापासून वाटत असते, काहींना घरात काम करणारे दोन हात हवे असतात, आणि पुष्कळांना आपण नक्की कशाला हो म्हटले हे सहा महिन्यांनी कळते. तेव्हा काका खलनायक आहेत असे धरून चालू नका. त्या मुलीला उद्या गावात घर म्हणून जे काही असेल, ते कदाचित तेच असेल.

माझ्या अहवालाच्या नमुन्यात बालकाच्या मताचा एक रकाना असे. त्यात मी बहुधा एकच वाक्य लिहीत असे : ‘बालिका जाण्यास तयार आहे.’ ते खोटे नव्हते. मी विचारले होते, आणि तिने मान हलवली होती. पण मी विचारले ते अधीक्षकांच्या टेबलासमोर, ती उभी आणि आम्ही दोघे बसलेले, अशा स्थितीत. आज ते वाक्य आठवले की बरे वाटत नाही.

काकांचे घर सोडून दुसरा मार्ग आहे. त्याचे कायद्यातील नाव अनुरक्षण. संस्थेतून बाहेर पडलेल्या आणि एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीसाठी तो आहे, आणि नियमांप्रमाणे अपवादात्मक परिस्थितीत तो तेविसाव्या वर्षापर्यंत लांबवता येतो. त्यासाठी आई-वडील हयात नसलेच पाहिजेत अशी अट नाही. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी दरमहा चार हजार रुपये ठरवले आहेत. त्यात कोठेही खोली भाड्याने घेऊन राहता येणार नाही, हे रत्नागिरीतील भाडे भरणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय अनुरक्षणगृह प्रत्येक जिल्ह्यात नाही. तिला घाट चढून जावे लागेल किंवा मुंबईची गाडी पकडावी लागेल, आणि कोकणातल्या मुलीला कोकण सोडायचे आहे का, हाही तिचाच प्रश्न आहे. कायद्याच्या कलम ४६ मधील शब्दही नीट वाचून ठेवा. आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ असे त्यात आहे, ‘दिले पाहिजे’ असे नाही. ज्याचा पाठपुरावा होतो त्याला मिळते, इतकाच त्या क्रियापदाचा व्यवहारातला अर्थ.

अनाथ आरक्षणाविषयी कोणी तरी इथे सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. राज्याने २०१८ साली अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिले. अमृता करवंदे या तरुणीने स्वतः स्पर्धा परीक्षा देऊन जी झुंज दिली, तिचा त्यात मोठा वाटा होता. ती फार मोलाची गोष्ट आहे. परंतु त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि बालगृहांतील पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात. आई मुंबईत घरकाम करते, वडील व्यसनात किंवा तुरुंगात, कातकरी कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर परागंदा, असे ते असते. ही मुले वयाची दहा-बारा वर्षे संस्थेत काढतात आणि तरीही कागदावर अनाथ ठरत नाहीत. संस्थेत वाढलेला माणूस असा काही वर्ग आपल्या योजनांच्या भाषेत जवळजवळ नाहीच.

कागदपत्रे आताच मागून घ्या. आधार कार्डावर संस्थेचा पत्ता असेल तर तो बदलावा लागेल; बँकेचे खाते तिच्या एकटीच्या नावावर चालते करावे लागेल; जन्माची नोंद, जातीचा दाखला, अधिवास, समितीच्या आदेशांच्या प्रती हे सारे ती संस्थेत असताना मिळवणे पुष्कळ सोपे असते. मूळ कागद तिच्याजवळ आणि प्रती दुसऱ्या गावातील कोणाजवळ, अशी व्यवस्था असावी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात ज्यांनी भिजलेले दाखले पत्र्यावर वाळत घातले, त्यांना याचे कारण विचारा.

एक सावधगिरीही सांगतो. अधीक्षकांना वगळून काही करू नका. मुलगी जूनपर्यंत त्यांच्याच छपराखाली आहे. आधी त्यांना सोबत घ्या.

कुडाळची खानावळवाली

मी बालगृहात दहा वर्षे होते, १९८८ पासून. आज माझे वय शेहेचाळीस आहे. कागदोपत्री आम्हांला ‘प्रवेशित’ म्हणत, गावात ‘आश्रमातली’ म्हणत, आणि कोणी रागावले की ‘रिमांडातली’. बाहेर पडल्यावर मला काय म्हणावे याला शब्दच नव्हता. ‘माजी प्रवेशित’ हा शब्द मी एका सरकारी पत्रात प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले होते.

परिविक्षा अधिकारी सरांनी त्या रकान्याबद्दल लिहिले, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते. तुमच्या जागी जे सर आमच्याकडे येत त्यांच्यासमोर मीही मान हलवली होती. तुमच्या शेवटच्या सल्ल्याशी मात्र मी अर्धीच सहमत आहे. अधीक्षकांना सोबत घ्या, हे ठीक. पण बाईंनी त्या मुलीशी आधी एकटीशी बोलावे आणि मगच अधीक्षकांकडे जावे. क्रम उलटा झाला की मुलीला कळते आपण कोणाच्या आहोत ते, आणि मग ती जे बोलते ते त्यांना ऐकायला आवडेल तेच.

मला अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत माझे लग्न लावून देण्यात आले. मंडप होता, भटजी होते, गावातील प्रतिष्ठित मंडळी होती, आणि जेवताना सगळ्यांनी संस्थेचे अभिनंदन केले. माझे यजमान चांगले निघाले, म्हणून मी आज हे लिहू शकते. माझ्याबरोबरच्या दोघींचे तसे झाले नाही. त्या दिवशी मला कोणी विचारले नाही की तुला लग्न करायचे आहे का, आणि खरे सांगायचे तर विचारले असते तर काय उत्तर द्यावे हेही मला कळले नसते, कारण लग्न सोडून दुसरे काय करता येते ते मी पाहिलेलेच नव्हते. म्हणून बाईंना माझी विनंती आहे की तिला नुसते ‘तुला काय हवे’ असे विचारू नका. तिला आधी दाखवा. नर्सिंगचा अभ्यासक्रम कोठे असतो, आयटीआयमध्ये काय शिकवतात, वसतिगृहात राहणारी मुलगी दिवसभर काय करते. दोन-तीन ठिकाणी घेऊन जा. मग विचारा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.

सासरी मला पहिल्या दिवसापासून एक प्रश्न विचारला जात राहिला: ‘तुझां माहेर खंयचां?’ वाईट हेतूने कोणी विचारत नाही. आपल्याकडे माणसाची ओळखच गाव, वाडी आणि भावकी यांनी होते. गौरीच्या पहिल्या ओवशाला (नव्या सुनेने गौर पूजण्याच्या विधीला) माझ्या माहेरचे कोणी नव्हते, तेव्हा शेजारच्या एका काकींनी पुढे होऊन सांगितले की ही माझी लेक. त्यांनी कोणाला न विचारता केलेली ती गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. मुलगी बाहेर पडेल तेव्हा तिची खोली, तिचे पैसे, तिचा अभ्यास यांचा विचार करणारे मिळतील. गणपतीत ती कोठे जाणार, याचा विचार कोणी करणार नाही. सगळे वसतिगृह पाच दिवस ओस पडते. तेव्हा तिला जायला एक घर आहे का, हे तुमच्या यादीत असू द्या.

आणि मागे कोण राहणार आहे तेही विचारा. माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा होता. मुलांचे गृह वेगळे, म्हणून त्याला घाटावरच्या एका जिल्ह्यात पाठवले. सुरुवातीला पत्रे येत. तो सोळा वर्षांचा झाल्यावर त्याला सोडले आणि तो कोठे गेला ते मला कोणी कळवले नाही. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की त्याची नोंद आमच्याकडे नसते. वकीलसाहेब, इतक्या वर्षांनी मला माझी आणि त्याची फाइल पाहायला मिळू शकते का? शक्य असेल तर कृपया सांगावे.

जाता जाता एक. आमच्याकडे वाढदिवसाचे जेवण आणि फळवाटप करायला लोक येत आणि आम्हांला रांगेत उभे करून फोटो काढत. आमचा कैवार घेणारे असे पुष्कळ होते. केळे हातात धरून फोटोत हसायचे कसे, ते मला अजून येते.

चिपळूणचा वकील

ताई, आपल्या काळात २०१५ चा कायदा नव्हता, त्यामुळे शोध जुन्या नावांनी घ्यावा लागेल. तेव्हा १९८६ चा बाल न्याय कायदा लागू होता. त्यात समितीऐवजी मंडळ होते, म्हणून अर्जात ‘बाल कल्याण समिती’ एवढेच लिहिले तर तेव्हा समिती अस्तित्वात नव्हती असे उत्तर येऊ शकते. शिवाय त्या कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलगी अठराव्या वर्षापर्यंत बालक मानली जाई. आपल्या भावाला सोळाव्या वर्षी सोडले ते त्यामुळेच. मुलगा आणि मुलगी दोघांसाठी अठरा ही मर्यादा २००० च्या कायद्याने आली, आणि तो १ एप्रिल २००१ पासून अमलात आला.

माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आधी फक्त स्वतःची फाइल मागा : प्रवेशाची नोंद, मंडळाचे आदेश, सुटकेचा आदेश. स्वतःविषयीची माहिती स्वतःला नाकारायला फारसे कारण देता येत नाही. भावंडांना वेगळे ठेवण्याचा आदेश त्यातच असण्याची शक्यता आहे आणि त्यावर त्यांना कोणत्या संस्थेत पाठवले ते लिहिलेले असेल. भावाची फाइल मात्र तशी मिळणार नाही, कारण ती दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती ठरते, आणि ते योग्यही आहे. त्या दुसऱ्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला वेगळे पत्र लिहून एवढीच विनंती करा, की त्यांचा पत्ता सापडल्यास बहीण भेटू इच्छिते हे त्यांना कळवावे आणि त्यांची इच्छा असल्यास आपला क्रमांक द्यावा. अर्जाचा मसुदा मी करून देईन. त्याचे शुल्क नाही.

दापोलीकर, सध्या स्कॉटलंड

मी येथे सामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करतो, म्हणून बाईंच्या तिसऱ्या शंकेविषयी थोडेसे. येथे संस्थेत किंवा पालक कुटुंबात वाढलेल्यांसाठी ‘केअर एक्सपीरियन्स्ड’ असा शब्द रूढ आहे, आणि तो मुलांइतकाच पन्नाशीच्या माणसालाही लागू पडतो. कुडाळच्या ताईंना जो शब्द मिळाला नाही, तो साधारण हाच. २०१४ च्या कायद्याने स्थानिक परिषदा, आरोग्य मंडळे अशा सार्वजनिक संस्थांवर या मुलांचे सामूहिक पालक म्हणून जबाबदारी टाकली आणि साहाय्याची वयोमर्यादा सव्वीस वर्षांपर्यंत नेली. सगळे सुरळीत चालते असा समज करून घेऊ नका. येथेही खोली मिळत नाही, कर्मचारी बदलतात, आणि तक्रारी असतात.

बाईंच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. ‘हू केअर्स? स्कॉटलंड’सारख्या संस्थांचे लोक मुलाच्या बैठकीत त्याच्या बाजूने बसतात. निर्णय घेणाऱ्या खात्याचे ते नोकर नसतात, आणि मुलासाठी काय चांगले यावर आपले मत देणे हे त्यांचे काम नसते. मुलाचे म्हणणे त्यांना स्वतःला चुकीचे वाटले तरी ते तसेच्या तसे मांडायचे असते. हे वाटते तितके सोपे नाही. मला पहिल्या वर्षी ते जमले नव्हते. आपण मराठी शिकवता, म्हणून एक उपाय सुचवतो: तिचे वाक्य तिच्याच शब्दांत उतरवा आणि त्यातले शुद्धलेखनसुद्धा सुधारू नका.

खाडीकाठची शिक्षिका

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. तोंडी परीक्षा आणि पेपर यांत वेळ गेला.

कुडाळच्या ताईंनी सांगितला तो क्रम मी पाळला. शाळेत बोलायचे नाही, बालगृहात बोलायचे नाही, म्हणून आम्ही दोन रविवारी, रीतसर परवानगी घेऊन, तरीतून पलीकडच्या तीरावर गेलो आणि तेथे धक्क्यावर बसलो. मधल्या आठवड्यात एक आयटीआय आणि एक नर्सिंगचे वसतिगृह तिला दाखवून आणले. पहिल्या रविवारी ती जवळजवळ काहीच बोलली नाही. मी मात्र बरेच बोलले, आणि परत येताना तरीत बसल्यावर ते माझ्या लक्षात आले. दुसऱ्या रविवारी मी वही आणि पेन तिच्या हातात दिले आणि गप्प बसले.

काकांविषयी तिला जे म्हणायचे होते ते दोन ओळींत संपले, आणि त्यात माझ्याइतका राग नव्हता. त्यानंतर तिने जो मुद्दा लिहिला आणि ज्यासाठी पुढची दीड पाने घेतली, तो माझ्या यादीत नव्हता, अधीक्षकांच्या नव्हता आणि समितीच्याही नसावा. तो काय होता ते येथे लिहीत नाही. वकीलसाहेब समजून घेतील.

अधीक्षकांना तो कागद तिने स्वतः नेऊन दाखवला. ते बराच वेळ वाचत होते. मग, एवढे कधी बोलली नाही ही, असे म्हणाले, आणि समितीकडे जाण्यासाठी तिला संस्थेच्या गाडीने पाठवण्याची व्यवस्था त्यांनीच केली. समितीपुढे ती दहा मिनिटे आत होती, मी बाहेरच्या बाकावर. मला आत बोलावले ते शेवटी, माझे निवेदन माझेच आहे का एवढे विचारायला. पुढची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातील आहे. अहवालाचा आशय तिला त्या वेळी सांगू असे तोंडी म्हटले आहे. ते लेखी द्यावे म्हणून तिने लगेच दुसरा अर्ज लिहिला.

आवक कारकुनाने पोच देताना अर्जातील दोन चुका दाखवल्या आणि बाई, तुम्ही मराठीच्या ना, असे विचारले. मी हो म्हटले. त्याने शिक्का मारला, खाली तारीख घातली, आणि ती प्रत तिने घडी घालून आपल्या कंपासपेटीत ठेवली.